१९८७ चा हुकूमनामा शोधताना: नाशिक कोर्टाच्या नोंदी

आत्याच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल हवी होती. अडतीस वर्षांपूर्वीचं प्रकरण. आठवडाभरात होईल असं वाटलं होतं, अडीच महिने लागले, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ माझ्याच चुकांनी गेला. जुनं प्रकरण शोधणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तेवढे हेलपाटे वाचावेत म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा टाइप करतोय. नावं बदलली आहेत. मी वकील नाही, अंबडच्या कारखान्यात कामाला आहे.

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजोबा, म्हणजे अण्णा, नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झाले. २००४ ला ते गेले, मग आजीला फॅमिली पेन्शन चालू होती. आजी गेल्या ऑगस्टमध्ये गेली. घटस्फोटित मुलीला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर ती पेन्शन तिच्या नावावर होते. अट अशी की घटस्फोट आई-वडिलांपैकी कुणी हयात असताना झालेला हवा, निदान कोर्टात अर्ज तरी तेव्हा दाखल झालेला हवा. आत्याचा निकाल १९८७ चा, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. प्रश्न कागदाचा आहे. आज पेन्शन ऑफिसचं पत्र आलं: हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडावी, झेरॉक्स चालणार नाही.

घरात आहे ती झेरॉक्सच, तीही फक्त दुसऱ्या पानाची. अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत एलआयसीच्या पावत्यांखाली सापडली. इंग्रजीत टाइप केलेल्या चार ओळी, न्यायाधीशांची सही, गोल शिक्का, शिक्क्यात ‘नासिक’चं जुनं स्पेलिंग. तारखेतलं १९८७ वाचता येतं, दिवस आणि महिना नेमके घडीवर आल्याने झिजून गेलेत. प्रकरणाचा क्रमांक असतो पहिल्या पानावर. पहिलं पान नाही.

८ जानेवारी, बुधवार

रात्री ई-कोर्ट्सच्या साइटवर दोन तास घालवले. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा, पक्षकाराचं नाव टाका, वर्ष टाका, कॅप्चा भरा. नाव इंग्रजीत टाकावं लागतं. आडनावाची चार स्पेलिंगं करून बघितली, ‘निकाली’ आणि ‘प्रलंबित’ दोन्ही बघितली. काही नाही.

एवढी जुनी निकाली प्रकरणं तिथे सापडतील ही आशाच चुकीची होती. ज्यांचं प्रकरण अलीकडचं आहे त्यांनी मात्र इथूनच सुरुवात करावी. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळाला की पुढे कोर्टात जाऊन तोच सांगायचा, बाकी काही शोधावं लागत नाही. नवरा-बायकोच्या प्रकरणांतले आदेश मात्र तिथे कुणालाही उघडून दिसतील असं नाही, कारण ही प्रकरणं बंद दाराआड चालतात.

एक गोष्ट आत्ता टाइप करताना दिसतेय. वर्षाच्या त्या रकान्याला साइटवर ‘नोंदणी वर्ष’ असं लिहिलेलं होतं. मी त्यात १९८७ टाकत राहिलो. तेव्हाच जरा डोकं लावलं असतं तर जानेवारी वाचला असता.

१० जानेवारी, शुक्रवार

घटस्फोट म्हणजे फॅमिली कोर्ट, असं धरून कौटुंबिक न्यायालयात गेलो. कर्मचाऱ्यांनी विचारलं, “कधीचा निकाल?”

“सत्त्याऐंशीचा.”

“तेव्हा आम्ही होतो कुठे?”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कौटुंबिक न्यायालयाचा कायदा १९८४ चा, पण कायदा झाला म्हणजे लगेच गावोगाव कोर्टं निघाली असं नाही. १९८७ साली नाशकात हे कोर्ट नव्हतं. पुढे निघालं तेव्हा जी प्रकरणं चालू होती ती इकडे वर्ग झाली. ज्यांचा निकाल आधीच लागला होता ती वर्ग करायचा प्रश्नच नव्हता, ती जुन्याच कोर्टाच्या रेकॉर्डला राहिली. आत्याचं प्रकरण वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चाललेलं असणार, म्हणजे शोध जिल्हा न्यायालयाच्या आवारात घ्यायचा.

इथल्या प्रकरणांना अक्षरं असतात तेही कळलं. वाद असलेल्या घटस्फोटाला ‘पिटिशन ए’, संमतीच्या घटस्फोटाला ‘पिटिशन एफ’, पोटगीच्या अर्जाला ‘ई’. ज्यांची नक्कल इथे आहे त्यांनी क्रमांकाबरोबर हे अक्षरही सांगायचं, कारण एकाच नवरा-बायकोची दोन-तीन अक्षरांखाली दोन-तीन प्रकरणं असू शकतात.

अर्धा दिवस आणि एक हाफ डे गेला. पण माणसं नीट बोलली.

१३ जानेवारी, सोमवार

सीबीएसजवळचं (मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं) जिल्हा न्यायालय. साडेदहाला हजर. माझी सेकंड शिफ्ट तीनला, त्यामुळे एकपर्यंत काम उरकून अंबड गाठायचं असा हिशेब. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून अर्ज टाइप करून घेतला, ₹१२०. मजकूर मीच सांगितला:

“हिंदू विवाह अर्ज क्रमांक (माहीत नाही) / १९८७, अर्जदार दत्तात्रय, सामनेवाली मंगल, या प्रकरणातील निकालाची नक्कल मिळावी.”

खाली सही माझी.

या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि सही ही चौथी. आज फक्त चौथी कळली.

नक्कल विभागात पहिला प्रश्न आला, “तुम्ही पक्षकार का?” मी म्हटलं, भाचा. मग नाही. पक्षकार नसलेल्या माणसाला हवं असेल तर कारण सांगून, प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करायचा आणि त्यावर न्यायाधीशांचा हुकूम घ्यायचा. त्यात ही लग्नाची प्रकरणं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे यांचं कामकाजच गुप्त चालतं, छापायलाही बंदी. आलेल्या कुणाच्याही हातात कागद कसे देतील? मला राग आला होता, पण बसमध्ये बसल्यावर वाटलं, आत्याचे कागद असे कुणीही येऊन नेलेले मला चालले असते का?

आत्या हयात आहे, चालती-फिरती आहे. तिच्या सहीने अर्ज केला की यातलं काहीच लागत नाही. तेवढं मला सुचलं नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आत्याची सही, आधारची झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प लावून तोच अर्ज परत दिला. क्रमांक नसल्याने आधी शोध घ्यावा लागेल, पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

२४ जानेवारी, शुक्रवार

१९८७ च्या रजिस्टरमध्ये अशा नावांचं प्रकरण नाही. अर्जावर शेरा: ‘क्रमांक व वर्ष नमूद करावे.’

२६ जानेवारी, रविवार

आमच्या जेलरोडच्या गल्लीत एक निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतले वरिष्ठ कारकून, राहतात. हे आधी का सुचलं नाही, माहीत नाही. झेंडावंदनानंतर त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“हे सत्त्याऐंशी कुठून आणलं?”

“निकाल सत्त्याऐंशीचा आहे ना.”

“अरे, नंबर पडतो दाखल केलेल्या वर्षाचा. निकाल सत्त्याऐंशीला लागला म्हणजे दाखल कधी झालं असेल? चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी, काहीही. तू नवीन दाखल झालेल्यांच्या रजिस्टरात निकाल लागलेलं शोधतोयस.”

दाखल प्रकरणांचं रजिस्टर वर्ष आणि क्रमांकाने चालतं. निकाली प्रकरणांचं रजिस्टर वेगळं असतं, ते निकालाच्या तारखेने चालतं. क्रमांक माहीत नसेल आणि निकालाचा महिना माहीत असेल तर निकाली रजिस्टर बघायला सांगायचं. तिथून क्रमांक मिळतो, आणि क्रमांकावरून प्रकरणाच्या कागदांचा गठ्ठा.

मी दुसरी शंका काढली. आत्याचं सासर निफाड तालुक्यातलं, मग प्रकरण निफाडला तर नसेल? काका म्हणाले, लग्न कुठे लागलं? नाशिकरोडला, आमच्या दारात. मग नाशिकलाच दाखल झालं असणार. तेव्हा बाईला घटस्फोटाचा अर्ज आपण राहतो तिथे करता येत नव्हता. लग्न लागलं ते ठिकाण, नवरा राहतो ते ठिकाण, नाहीतर दोघं शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, साधारणपणे एवढेच पर्याय. बायको राहते तिथे अर्ज करायची सोय २००३ ला आली. म्हणजे २००३ च्या आधीचं प्रकरण शोधताना ‘ती तेव्हा माहेरी कुठे होती’ हे विचारून उपयोग नाही, ‘लग्न कुठे लागलं’ हे विचारायचं.

निफाडची एक फेरी वाचली. या अडीच महिन्यांत न मारलेली ही एकमेव फेरी.

संध्याकाळी आत्याला निकालाचा महिना विचारला. तारीख तिला आठवत नाही. मग म्हणाली, “अण्णा त्या आठवड्यात कुणाशी बोलत नव्हते. मला वाटलं माझ्यामुळे. नंतर कळलं, मॅच हरलो म्हणून.” कुठली मॅच? “ती वर्ल्ड कपची, वानखेडेवरची. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कोर्टात बोलावलं होतं.”

इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल, ५ नोव्हेंबर १९८७. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. कोर्टाच्या कामात गूच आणि गॅटिंग उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

२९ जानेवारी, बुधवार

नवीन अर्ज. १९८७ काढून टाकलं, ‘निकाल दिनांक अंदाजे १० ते २० नोव्हेंबर १९८७, निकाली रजिस्टरमध्ये शोध घ्यावा’ असं लिहिलं. टायपिंग, स्टॅम्प, झेरॉक्स मिळून ₹१८०. नक्कल विभागातले कारकून, भाऊसाहेब, म्हणाले, हा अर्ज बरा आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नाही सापडलं. आडनाव इतकं सर्रास की नोव्हेंबरच्या पानांवर त्या आडनावाच्या तीन नोंदी आहेत. त्यात अर्जदार पुरुष असलेली एकच, आणि तो भलताच माणूस.

बाहेर येऊन चहा घेतला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की प्रकरण सापडणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा शनिवार. कोर्ट बंद. येण्या-जाण्याचे दीड तास.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज आत्याला बरोबर नेलं. कारण काही फार विचारपूर्वक नव्हतं. गुडघ्याच्या डॉक्टरकडे तिला शालिमारला यायचंच होतं. तिला एका बाकावर बसवलं आणि खिडकीशी गेलो.

भाऊसाहेबांनी निकाली रजिस्टर पुन्हा काढलं. मोठं, कापडी पुठ्ठ्याचं, कडा मऊ पडलेल्या, पानांना हात लावला की बोटांवर बारीक पिवळी भुकटी. निळ्या शाईतले रकाने. पानं तेच उलटतात, आपण पलीकडून उलटं वाचायचं. आत्या उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

भाऊसाहेब सहज म्हणाले, “अर्ज त्यांनीच केला होता ना? खात्री आहे?”

मी म्हटलं, “हो. त्यांनीच सोडलं.”

“नाही,” आत्या मागून म्हणाली. “अर्ज मी केला होता.”

मी वळून बघितलं. ती माझ्याकडे नाही, रजिस्टरकडे बघत होती.

“आणि मंगल नका बघू. वैशाली बघा. लग्नात नाव बदललं होतं.”

तांदळात लिहिलेलं नाव. सासरी ती अडीच वर्षं वैशाली होती, घरात ते नाव मी कधी ऐकलेलं नाही. भाऊसाहेबांचं बोट त्याच पानावर, त्या तीन नोंदींपैकी दुसऱ्या नोंदीवर थांबलं: वैशाली भ्र. दत्तात्रय, विरुद्ध दत्तात्रय. निकाल दिनांक १३ नोव्हेंबर १९८७. क्रमांक १९८५ चा. हेच पान गेल्या गुरुवारी उघडलेलं होतं. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, अमक्याची बायको. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे हे असतं, माहीत नसेल तर ते नवऱ्याच्या नावाचंच आद्याक्षर वाटतं.

लहानपणापासून घरात ऐकलेलं वाक्य एकच: जावयाने सोडलं. मी तेच अर्जात टाइप करून घेतलं, त्यातलं दोनदा तिच्याच सहीने. अर्ज इंग्रजीत नव्हता, मराठीत होता. पण मी ‘इथे सही कर’ म्हटलं आणि तिने केली. वाचायला दिलाच नव्हता.

परतीच्या बसमध्ये द्वारका चौकात नेहमीसारखं अडकलो. मी म्हटलं, “आत्या, तू सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं का?” थोड्या वेळाने म्हणाली, “अण्णांना लोकांना तसं सांगणं सोपं होतं. मुलीने कोर्टात ओढलं म्हणायचं म्हणजे... मीही मग तेच सांगायला लागले.”

१२ फेब्रुवारी, बुधवार

आधारवर मंगल आणि माहेरचं आडनाव, रजिस्टरात वैशाली आणि सासरचं. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागणार. स्टॅम्प पेपर घ्यायला गेलो तर शंभरचा आता मिळत नाही, ऑक्टोबरपासून पाचशेचाच. घेतला. त्यावर टाइप करून घेतलं. संध्याकाळी काकांना दाखवला तर त्यांनी कपाळावर हात मारला. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ₹५०० गेले. विकणाऱ्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, मग दोष कुणाला द्यायचा.

प्रतिज्ञापत्राच्या तीन मूळ प्रती केल्या, तेवढं बरं झालं. एक कोर्टात लागली, एक पेन्शनला लागेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पूर्ण अर्ज दाखल: क्रमांक, वर्ष, निकालाची तारीख, दोन्ही नावं, आत्याची सही, प्रतिज्ञापत्र. नकलेसाठी अनामत भरली. आता गठ्ठा निघायची वाट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाट बघतोय. कंपनीत एक जण रोज सांगतो, माहिती अधिकार टाक, दहा रुपयांत तीस दिवसांत घरी येईल. काकांना विचारलं. ते म्हणाले, टाकू नकोस. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय की कोर्टातल्या प्रकरणांच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या, त्याला माहिती अधिकाराचा रस्ता नाही. आणि तसंही पेन्शनवाल्यांना माहिती नकोय, शिक्का हवाय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गठ्ठा मिळाला. पण त्यात अख्खी फाईल नाही. आत्याचा मूळ अर्ज, साक्षी, समन्स, पत्रं, काहीच नाही. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा एवढंच उरलंय.

मला वाटलं हरवलं. तसं नाही. निकाल लागल्यावर फाईलचे भाग पाडतात आणि प्रत्येक भाग किती वर्षं ठेवायचा ते ठरलेलं असतं, मुदत संपली की रीतसर नष्ट करतात. त्यासाठी १९१७ पासूनचा कायदा आहे. सगळ्यात जास्त टिकतो तो निकालाचा भाग. म्हणून कुणाला जुन्या प्रकरणातली साक्ष किंवा हातचं पत्र हवं असेल तर आशा कमी ठेवावी, आणि प्रकरण अजून ताजं असेल तर आत्ताच नक्कल काढून ठेवावी.

आत्याला हे सांगितलं. तिची साक्ष दोन दिवस चालली होती म्हणे. “गेली ना? बरं झालं,” म्हणाली.

५ मार्च, बुधवार

नक्कल मिळाली. सहा पानं. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटच्या पानाच्या मागे छोटा तक्ता: अर्ज दिल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. या तारखा उगीच नसतात. ज्यांना अपील करायचंय त्यांच्या मुदतीतून अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात, ते या तक्त्यावरून मोजतात. आम्हाला अपील नाही, पण हा तक्ता नीट भरलाय ना ते बघून घ्यावं.

रात्री शिफ्टवरून आलो तर आत्या जागी होती. न्यायनिर्णय इंग्रजीत. जिल्ह्याच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली ती १९९८ ला, त्याआधीचे बरेच निकाल असेच आहेत. म्हणजे निकाल लागला त्या दिवशी तिला त्यातलं अक्षरही कळलं नसणार. मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. मध्ये एका ठिकाणी न्यायाधीशांनी लिहिलंय की अर्जदाराची साक्ष उलटतपासणीत डगमगली नाही. ते वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “अर्जदार म्हणजे मीच ना?”

सकाळी झेरॉक्सचं जुनं पान शेजारी ठेवलं तेव्हा पोटात गोळा आला. हा तो कागद नाहीच. मी अर्जात ‘निकालाची नक्कल’ मागितली, त्यांनी निकाल दिला. न्यायनिर्णय म्हणजे का आणि कसं ते लिहिलेली पानं. हुकूमनामा वेगळा असतो, पान-दोन पानांचा, त्यात फक्त ‘घटस्फोट मंजूर’ एवढा आदेश. पेन्शनच्या पत्रात शब्द होता हुकूमनामा. मी तो शब्द वाचला होता, लिहिताना बोलीतला ‘निकाल’ लिहून मोकळा झालो. १३ जानेवारीच्या त्या वाक्यातली ही तिसरी चूक, सात आठवड्यांनी कळलेली.

७ मार्च, शुक्रवार

फक्त हुकूमनाम्याचा नवा अर्ज, या वेळी तातडीची नक्कल, जास्तीची फी भरून. एकदम तीन प्रती मागितल्या.

कुठेतरी वाचलं होतं की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना कोर्टाने मोफत द्यायची असते, हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ चं पोटकलम ४. ते भाऊसाहेबांना मोठ्या हुशारीने सांगितलं. ते हसले. “बरोबर आहे. ती १९८७ ला दिली असेल. तिचं काय केलं ते घरी विचारा.”

घरी विचारलं. अण्णांनी रेशन कार्डात आत्याचं नाव परत लावायला ती मूळ प्रत देऊन टाकली होती. ज्यांचा निकाल नुकताच लागलाय त्यांनी ती मोफतची प्रत मागून घ्यावी आणि कुठल्याही खिडकीत मूळ कागद देऊ नये.

११ मार्च, मंगळवार

उद्या या.

१२ मार्च, बुधवार

हुकूमनाम्याच्या तीन नकला हातात. दोन पानं. पहिल्या पानावर क्रमांक, दाखल झाल्याची तारीख आणि पक्षकार, दुसऱ्या पानावर त्याच चार ओळी आणि सही. दुसरं पान जुन्या झेरॉक्सशी तंतोतंत जुळतं, फक्त आता तारीख वाचता येते.

हिशेब: टायपिंग, स्टॅम्प, नकला, झेरॉक्स मिळून ₹१,२००च्या आसपास. त्याशिवाय वाया गेलेला स्टॅम्प पेपर ₹५००, बसभाडं, आणि तीन हाफ डे. वकील लावला असता तर जास्त गेले असते, पण बहुधा पहिल्याच दिवशी त्याने विचारलं असतं, अर्जदार कोण.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी, गावात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्या होत्या, कुणी कामाला नव्हतं. आज कानामागे रंग घेऊनच पेन्शनचे कागद द्यायला गेलो. हुकूमनाम्याची एक नक्कल, दोन नावांचं प्रतिज्ञापत्र, उत्पन्नाचा दाखला. टेबलावरच्या बाईंनी दोन्ही नावं जुळवून बघितली, प्रतिज्ञापत्र बघितलं आणि पोच दिली. न्यायनिर्णयाची सहा पानं त्यांना नको होती. ती आत्याने स्वतःकडे ठेवली आहेत.

घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबलो, उरलेल्या नकलांची झेरॉक्स काढायला. दुकानदाराने विचारलं, “सहीचं पान काढू का फक्त?”

आत्या रिक्षातून म्हणाली, “दोन्ही काढा. पहिलं आधी.”